शवुओतचा जागर आणि अल्काबेत्झचें पत्र

इतिहासाचीं साधनें तपासतांना बखरीपेक्षां पत्र अधिक प्रमाण, हा नियम आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेला आहे, व तो योग्यच आहे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, कागदावर ‘पत्र’ एवढें नांव दिसतांच परीक्षकाची चिकित्साबुद्धि निजते. तें अस्सल आहे कीं नक्कल, नक्कल असल्यास ती कोणी व कोणत्या हेतूनें केली, मधल्या काळांत तें कोणाच्या दप्तरांत होतें, हे प्रश्न विचारावयाचे राहून जातात. याचें एक बोधप्रद उदाहरण आज आम्ही आमच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचें घेत आहों. तें यहुदी लोकांच्या शवुओत सणाच्या रात्रीच्या जागराचें होय. क्षेत्र बाहेरचें असलें तरी सर्वस्वीं परकें नाहीं. कारण मराठी बोलणारे बेने-इस्राएल हे त्याच धर्माचे अनुयायी आहेत, व लेखाच्या शेवटीं त्यांच्या दप्तरांकडे वळणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम सणाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून ४९ दिवस मोजून ५० व्या दिवशीं, म्हणजे सिवान महिन्याच्या षष्ठीस, हा ‘सप्ताहांचा सण’ येतो. पॅलेस्टाईनबाहेर तो परंपरेनें दोन दिवस पाळतात. मोशेच्या पंचग्रंथांत त्याचें वर्णन हंगामाचा व प्रथमफळांचा सण असेंच आहे. त्याच दिवशीं सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळालें, हें पंचग्रंथांत स्पष्ट म्हटलेलें नाहीं. हा संबंध पुढें तालमूदकारांनीं जोडला. मिश्नेच्या ‘बिक्कुरीम’ प्रकरणांत प्रथमफळें घेऊन यरुशलेमास जाणाऱ्या मंडळींचें वर्णन आहे. पुढें शिंगांस सोनें मढविलेला बैल, त्याच्या मस्तकावर जैतुनाचा मुगुट, आणि वेशीपर्यंत वाजत जाणारी बांसरी, असा तो थाट होता. मंदिर इ. स. ७० मध्यें नष्ट झाल्यावर फळें वाहावयाचें स्थान उरलें नाहीं. सण मात्र उरला, व फळांच्या जागीं विद्या आली.

आज अनेक मंडळ्यांत या सणाच्या रात्रीं लोक सभास्थानांत जमून पहाटेपर्यंत पठण करितात. पंचग्रंथांच्या प्रत्येक भागाचा आरंभ व अखेर, प्रवक्त्यांचे ग्रंथ, रूथची कथा, मिश्नेचे उतारे, ६१३ आज्ञांची गणना व झोहर ग्रंथांतील वेंचे, अशी या पठणाची ठराविक पोथी आहे; तिला ‘तिक्कून’ म्हणतात. आपल्याकडील पारायण व एकादशीचा जागर यांची आठवण कोणासहि होईल. पण हें साम्य बाहेरचें आहे, त्यावरून कांहीं सिद्ध करूं नये. प्रचलित समजूत अशी कीं, हा जागर अतिप्राचीन असून योसेफ कारो या महान् धर्मशास्त्र्यानें त्यास प्रतिष्ठा दिली. आणि याचा पुरावा म्हणून श्लोमो अल्काबेत्झ याचें पत्र पुढें करितात. या समजुतीचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे करून तपासले पाहिजेत.

प्राचीनतेचा भाग आधीं घेऊं. मिश्ना व तालमूद यांत या जागराचा उल्लेख नाहीं. याचा अर्थ त्या काळीं सणास विद्येची जोड नव्हती असा नव्हे. ६१३ आज्ञा पद्यांत गुंफलेलीं ‘अझहारोत’ या सणास म्हणण्याची चाल जुनी आहे. अकराव्या शतकांत स्पेनमध्यें श्लोमो इब्न गबिरोल यानें रचलेलीं अझहारोत सेफार्दी मंडळ्यांत आजहि म्हणतात. त्याच शतकांत वर्म्स येथील मेईर बार इसहाक यानें आरामी भाषेंत रचलेलें ‘अकदामुत’ हें स्तोत्र जर्मनीकडील मंडळ्यांत रूढ झालें. परंतु हें सर्व दिवसाचें, उपासनेच्या क्रमांतलें पठण आहे. रात्र जागवावयाची कल्पना प्रथम ठळकपणें दिसते ती झोहर ग्रंथांत. त्या रात्रीं वधूच्या सख्यांप्रमाणें तिच्याजवळ जागून विद्येच्या अलंकारांनीं तिला सजवावें, असें तेथें रूपक आहे. आणि पूर्वीचे सत्पुरुष त्या रात्रीं निजत नसत, असेंहि सांगितलें आहे.

येथें पहिली अडचण उभी राहते. झोहर स्वतःस दुसऱ्या शतकांतील शिमोन बार योहाई याच्या मंडळाचा म्हणवितो. पण तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्यें मोशे द लेओन व त्याच्या परिवारांत तयार झाला, हें मत आतां विद्वानांत सर्वमान्य होऊन बसलें आहे. गेर्शोम शोलेम यानें १९४१ सालीं त्याची मांडणी केली. द लेओनच्या विधवेसंबंधीं इसहाक आक्को याची जी साक्ष या वादांत महत्त्वाची, ती झाकूतोच्या ‘युहासीन’ ग्रंथाच्या १५८० च्या क्राकोव्ह आवृत्तींत गाळलेली होती. १८५७ सालीं फिलिपोव्स्की यानें हस्तलिखितावरून ती लंडन येथें छापली. त्या छापील प्रतीवर विसंबणाऱ्यास सुमारें पावणेतीनशें वर्षें ही साक्ष दिसलीच नाहीं. संग्राहकांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत धरली तरी पुष्कळ झालें. सारांश, ‘पूर्वीचे सत्पुरुष’ या शब्दांवरून जागराची प्राचीनता सिद्ध होत नाहीं. तेराव्या शतकांतील एका ग्रंथकाराची तशी धारणा किंवा इच्छा होती, एवढेंच सिद्ध होतें.

आतां पत्राकडे वळूं. त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी. तुर्की साम्राज्याच्या बाल्कन प्रांतांत, सुमारें १५३३ सालीं, कारो, अल्काबेत्झ व कांहीं स्नेही यांनीं शवुओतच्या दोन्ही रात्रीं न निजण्याचा नेम केला. ठरलेल्या क्रमानें मोठ्यानें व सुस्वर पठण चाललें. मिश्नेचे दोन भाग संपतांच कारोच्या मुखांतून एक वाणी बोलूं लागली. आपल्याकडे ‘अंगांत संचार झाला’ म्हणतात तसा हा प्रकार. शेजाऱ्यांनीं आवाज ऐकला, पण त्यांस अर्थ कळला नाहीं. मंडळी मात्र भयानें पालथीं पडली. वाणीनें त्यांची प्रशंसा केली, तुम्ही दहा असतां तर याहून उंच चढलां असतां असें म्हटलें, आणि पवित्र भूमीस जाण्याची आज्ञा दिली. सकाळीं न आलेल्या स्नेह्यांस हें कळलें तेव्हां ते रडले. दुसऱ्या रात्रीं दहांची संख्या भरली, व वाणी पुनः बोलली.

हें पत्र मूळ अल्काबेत्झच्या हातचें म्हणून लोकांपुढें आलेलें नाहीं. आपणांस तें मिळतें यशाया होरोवित्स याच्या ‘श्ने लुहोत हाब्रीत’ या ग्रंथांतून. आणि तो ग्रंथ त्याच्या मुलानें १६४८-४९ मध्यें आम्स्टरडॅम येथें छापला. ग्रंथकार १६३० सालींच निवर्तला होता. म्हणजे घटना व मुद्रण यांत सुमारें ११५ वर्षांचें अंतर, व मध्यें निदान दोन हात. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही नकलेची नक्कल आहे. घटनेचें स्थळ आड्रियानोपल, निकोपोलिस कीं सालोनिका, यासंबंधींहि विद्वानांत मतभेद आहेत. जे लोक हें पत्र अस्सल कागदाप्रमाणें वापरतात त्यांनीं हें सांगितलें पाहिजे, आणि बहुधा सांगत नाहींत.

तथापि नक्कल म्हणजे बनावट नव्हे. आमच्या मतें पत्राच्या बाजूनें दोन बळकट गोष्टी आहेत. पहिली बाहेरची आहे. कारोस अशी वाणी ऐकूं येई हें त्याच्या ‘मग्गीद मेशारीम’ या आत्मनिवेदनावरून स्वतंत्रपणें कळतें. तें प्रथम १६४६ सालीं लुब्लिन येथें छापलें. होरोवित्स त्यापूर्वीं सोळा वर्षें वारला असल्यामुळें छापील निवेदनावरून त्यानें पत्र रचलें, ही शंका टिकत नाहीं. हस्तलिखित त्याच्या पाहण्यांत आलें असेल, किंवा मुलानें भर घातली असेल, असें कोणी म्हणेल. पण तसें म्हणणाऱ्यानें पुरावा दिला पाहिजे. दुसरी गोष्ट आंतली. पहिल्या रात्रीं दहांची संख्या भरली नव्हती, हें न्यून पत्र स्वतः कबूल करितें. गौरवासाठीं कथा रचणारा पहिल्याच रात्रीं दहा माणसें बसवितां.

पण येथें थांबणें हा पक्षपात होईल. हेंच न्यून दुसऱ्या बाजूनेंहि वाचतां येतें. पत्र उपदेशपर आहे. इतरांनीं जागरास यावें व पवित्र भूमीस जावें, हा त्याचा उघड हेतु आहे. ‘दहांची संख्या भरली नाहीं म्हणून केवढें पद हुकलें’ हें सांगणें त्या हेतूस फार उपयोगी पडतें. ज्यांस अर्थ कळला नाहीं असे शेजारी हेहि असे साक्षी आहेत कीं त्यांची साक्ष कोणास घेतां येत नाहीं. म्हणून आमचा निर्णय असा कीं, रात्र जागविली, पठण केलें, कारोस संचार झाला, ही मूळ हकीकत विश्वसनीय मानावी. वाणीचे शब्द मात्र अल्काबेत्झच्या लेखणींतून आलेले समजावे. कारो सुमारें १५३६ मध्यें सफेद येथें गेला व अल्काबेत्झहि तेथेंच स्थायिक झाला, यावरून स्थलांतराचा विचार त्या मंडळांत खरोखरच चालू होता एवढें दिसतें.

आतां राहिला प्रतिष्ठेचा भाग, आणि तेथें प्रचलित समजूत पार ढांसळते. कारोचा ‘शुल्हान आरूख’ हा आचारग्रंथ व्हेनिस येथें १५६५ सालीं छापून निघाला. त्यांत शवुओतचें प्रकरण आहे; उपासनेचा क्रम आहे; परंतु जागराचें नांव नाहीं. ज्यानें रात्र जागविली, ज्याच्या मुखांतून वाणी आली, त्यानेंच लोकांसाठीं शास्त्र लिहितांना ती गोष्ट वगळली. मौनावरून अनुमान काढणें धोक्याचें असतें हें खरें. पण येथील मौन अज्ञानाचें नाहीं, जाणत्याचें आहे. वेर्ब्लोव्स्की यानें १९६२ च्या आपल्या ग्रंथांत कारोमधील शास्त्री व साक्षात्कारी यांचा संबंध सविस्तर तपासला आहे. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, कारोनें जागरास शास्त्राची प्रतिष्ठा दिली हें विधान त्याच्याच ग्रंथाविरुद्ध जातें. थोड्यांचा नेम सर्वांवर लादूं नये, असा विवेक त्यानें राखला असावा.

मग हा नेम सर्वांचा कसा झाला? सफेद येथील आचारांच्या समकालीन याद्या शेख्टर यानें १९०८ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यांवरून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें हा खाजगी मंडळाचा नेम न राहतां सभास्थानांचा आचार बनला होता असें दिसतें. कारोच्या मंडळानें झोहर वाचला तो हस्तलिखितांतून. तो मांतुआ व क्रेमोना येथें छापला गेला १५५८ ते १५६० या काळांत. पोथी छापील झाली आणि नेम पसरला, हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. इलियट होरोवित्स यानें १९८९ सालीं अशा रात्रींच्या अनुष्ठानांच्या प्रसाराचा संबंध कॉफीशीं जोडला. सूचना मार्मिक आहे व पुष्कळ अंशीं ग्राह्यहि आहे. मात्र कॉफीनें प्रसार उलगडतो, उगम उलगडत नाहीं. बाल्कनमधील त्या दहा जणांच्या हातीं पेला होता असें पत्र सांगत नाहीं.

शेवटचा थर कारणमीमांसेचा. सिनायच्या सकाळीं इस्राएल लोक झोंपून राहिले व मोशेस त्यांस उठवावें लागलें, म्हणून त्या दोषाच्या परिहारार्थ आपण जागतों, असें कारण आज सर्वत्र सांगतात. झोंपेची कथा जुनी आहे. पण तिचा जागराशीं जोडलेला संबंध आढळतो तो सतराव्या शतकांतील ‘मागेन आव्राहाम’ या टीकेंत. आचार आधीं, कारण मागाहून, हा प्रकार आमच्या व्रतकथांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. यांत कोणाच्या श्रद्धेस बाध येत नाहीं. चारशें वर्षें माणसांनीं एक रात्र विद्येसाठीं जागून काढावी, याचें मोल ती चाल दोन हजार वर्षांची नाहीं म्हणून कमी होत नाहीं. पण इतिहास म्हणून सांगतांना वय खरें सांगावें.

आतां आमच्या दाराशीं येऊं. कोंकणांतील बेने-इस्राएलांनीं आपल्या सणांस दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा अशीं मराठी नांवें दिलीं होतीं, हें हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासावरून कळतें. तो इतिहास लिहून झाला १८९७ सालीं व छापला गेला १९३७ सालीं तेल अवीव येथें, ग्रंथकार हयात नसतां. येथेंहि लेखन व मुद्रण यांत चाळीस वर्षें व दुसऱ्याचा हात! मुंबईंत १७९६ मध्यें सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं पहिलें सभास्थान बांधलें. १८४६ त वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह निघाली. योसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं उपासनाग्रंथ मराठींत आणिले. १८८० पासून यहुदी कथांवर मराठी कीर्तनें झालीं. छापलेलें एवढें आहे. परंतु कोणत्या गांवीं, कोणत्या रात्रीं, कोण कोण जमून काय वाचीत असत, हें छापील पोथी सांगत नाहीं; तें सांगतात घरगुती वह्या, पोथ्यांच्या समासांतील टिपणें व सभास्थानांचे हिशेब. १९४८ नंतर या समाजाचा मोठा भाग इस्राएलांत गेला, आणि घरें मोडतांना कागदांची पांगापांग झाली असणारच.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा या बाजूस हिब्रू अक्षरांची एखादी वही हातीं आली, तर ती वाचतां येत नाहीं म्हणून रद्दींत टाकूं नये, आणि सुंदर आहे म्हणून पानें सुटीं करून विकूंहि नये. ती कोणाच्या घरून, कोणत्या सालीं, कोणत्या कागदांबरोबर मिळाली, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. अल्काबेत्झच्या पत्राबरोबर एवढी एक ओळ कोणी जपली असती, तर वरील निम्मी चर्चा करावी लागली नसती.