नवी जाती, की जुनीचेच नवे नाव?

पाटोद्याहून समुद्र फार दूर. आमच्या तालुक्यात उगम पावणारी मांजराही समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वळते. तरी समुद्री माशांतील परजीवी चपटकृमींचा अभ्यास मराठवाड्याला परका नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. जी. बी. शिंदे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोकण किनाऱ्यावरील माशांच्या आतड्यांतून पट्टकृमी शोधले आणि अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. या परंपरेचे आम्हाला कौतुक आहे. पण कौतुकाबरोबर परीक्षणही हवे.

अशा लेखांचा साचा बहुधा ठरलेला असतो. शीर्षाची लांबी-रुंदी, वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार, एक रेखाकृती आणि शेवटी नवे नाव. आमची शंका मोजमापांविषयी आहे. मासा मरून वेळ गेला की कृमी सैल पडतो. जिवंतपणी थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आक्रसतो. काचपट्टीखाली दाबला तर पसरतो. मग मोजलेला फरक जातीचा, की आपल्या हाताचा? नमुने दोन-चारच असतील, तर हे कळणार कसे?

ही शंका केवळ तात्त्विक नाही. भारत व आग्नेय आशियातील मागूर माशात आढळणाऱ्या, शरीराचे खंड नसलेल्या पट्टकृमींची फेरतपासणी २०११ साली प्रसिद्ध झाली. नोंदलेल्या ५९ जातींपैकी ग्राह्य ठरल्या अवघ्या ८! मागूर गोड्या पाण्यातला. धडा मात्र समुद्री माशांच्या कृमींनाही लागू आहे. उलट चूकही संभवते: हुबेहूब दिसणारे कृमी डीएनए तपासल्यावर वेगळ्या जातींचे निघतात.

म्हणून नव्या नावामागे पुरेसे नमुने, यजमान माशाची अचूक ओळख आणि शक्य तेथे डीएनएचा पुरावा हवा. मूळ नमुना कोणत्या संग्रहात ठेवला जाणार, हे सांगणे तर २००० सालापासून प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारकच केले आहे. नमुना हाती नसेल, तर पुढच्या अभ्यासकाला उरते फक्त चित्रावर विश्वास ठेवणे. आणि ते विज्ञान नव्हे.

शिक्षकमित्रहो, यासाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही. गावातल्या एकाच पिंपळाची वीस पाने विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे अशी दोनच पाने दुसऱ्या वर्गाला द्या आणि विचारा, ही झाडे किती जातींची? उत्तर ऐकल्यावर उरलेली अठरा पाने पुढे ठेवा.