मनन, पुटपुट आणि मौन

आमच्या घरी रोज सकाळी चहाआधी पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचण्याची रीत आहे. प्रत्येकाने आपापल्या मनात वाचायचे, थोडा वेळ गप्प बसायचे आणि प्रार्थना करून उठायचे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मला तिच्यासाठी मोठ्याने वाचावे लागले. एक ओळ वाचून मी थांबलो की तीच ओळ तिच्या ओठांवर हलताना दिसे. तोवर मी ज्याला मनन म्हणत होतो ते आणि ती करत होती ते, या दोन्ही गोष्टी एकच का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

प्रश्न आधी शब्दाचा आहे. पहिल्या स्तोत्रातला भाविक देवाच्या नियमशास्त्राशी रात्रंदिवस काय करतो, हे सांगताना प्रचलित मराठी भाषांतरात ‘मनन’ हा शब्द येतो. मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’. यशयाच्या ३१व्या अध्यायात हेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी वापरले आहे आणि ३८व्या अध्यायात कण्हत घुमणाऱ्या पारव्यासाठी. म्हणजे या क्रियेत गळा आहे, ओठ आहेत. आपल्याकडे ‘मनन’ येते ते श्रवण, मनन, निदिध्यासन या वेदान्ताच्या क्रमातून. तिथे ते बुद्धीचे काम आहे. भाषांतर चुकले असे मी म्हणणार नाही. ‘पुटपुटणे’ आणि ‘घोकणे’ हे शब्द मराठीत होते, पण त्यांना प्रतिष्ठा नव्हती. प्रतिष्ठित शब्द निवडताना आवाज मात्र हातचा गेला.

युरोपातल्या मठांत हा आवाज बराच काळ टिकला होता. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गीगो या कार्थुसियन साधूने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. त्याची उपमा जेवणाची आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थना म्हणजे चव लागणे आणि दर्शन म्हणजे ती गोडी. मठांच्या परंपरेत मननाला रवंथ करण्याची उपमाही रूढ होती. गाय रवंथ करते तेव्हा शांत बसलेली असते, पण तिचे तोंड चालूच असते. निश्चलता आणि हालचाल यांचे वैर असतेच असे नाही, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

दुसरा शब्द ४६व्या स्तोत्रातला. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर, सूर्योदयाच्या चित्राखाली, शांत होण्याची आज्ञा देणारे त्यातले वचन आपण पाहतो. त्याच्या आधीच्या वचनात मात्र धनुष्य मोडले जाते, भाला तोडला जातो आणि रथ जाळले जातात. मूळ क्रियापदाचा अर्थ सैल सोडणे, हात खाली टाकणे असा आहे. थकलेल्या जिवाला दिलेला तो दिलासा नसून लढणाऱ्यांना दिलेला हुकूम आहे, असे मला वाटते. याच स्तोत्रात ‘सेला’ हा शब्द तीनदा येतो. त्याचा अर्थ निश्चित नाही. अनेक अभ्यासक तो विरामाचा संकेत मानतात. तसे असेल तर रचनाकाराने थांबण्याची जागा खुद्द संहितेतच ठेवली आहे.

मराठीत अशी जागा कुठे सापडते? माझे उत्तर आहे, ‘ख्रिस्तपुराणा’त. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातल्या भाषेच्या गौरवाबद्दल आपण बरेच बोललो आहोत. ओवी काय करते याबद्दल कमी. पहिले तीन चरण यमकाच्या जोरावर पुढे ढकलतात आणि आखूड चौथा चरण श्वास घ्यायला लावतो. प्रत्येक ओवीला स्वतःचा एक छोटा ‘सेला’ असतो. डोळ्यांनी वाचताना तो निसटतो. मोठ्याने वाचले की चुकवता येत नाही.

मात्र हे काव्य निवांतपणातून जन्मलेले नाही. त्याच्या आरंभीच साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो की जुनी पुराणे वाचायला आता बंदी आहे, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काहीतरी द्या. एका पुराणाचा आवाज बंद झाला म्हणून दुसरे लिहिले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्धच हुकूम काढला. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ हाताने नकलून घेतले गेले आणि वाचले गेले. शांत होणे आणि गप्प केले जाणे यांतला फरक ज्यांना कळत होता, त्यांनी हे काव्य ओठांवर ठेवले. ख्रिस्ती अंतर्मौनाची चर्चा करताना आपण हा फरक विसरलो, तर ते मौन सत्तेच्या सोयीचे होते.

तीन शतकांनंतर केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. छपाईचे कामही मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नजरेसमोर नुकतीच वाचायला शिकलेली बाई होती. अशी बाई अक्षर लावत, उच्चारत, अडखळत वाचते. तिला मननाची वेगळी पद्धत शिकवावी लागत नाही.

आज रोजच्या मननासाठी मिळणाऱ्या पुस्तिकांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. त्यांत एक वचन असते आणि त्याखाली त्याचा सगळा अर्थ सांगून टाकलेला असतो. वाचकाने चावायचे असे काही उरत नाही. घास भरवला जातो, पण चव लागण्याआधी पान उलटते.

आईची नजर आता सुधारली आहे. ती स्वतः वाचते आणि अजून पुटपुटते. मीही आता मनात वाचत नाही. दोन माणसे एकाच खोलीत वेगवेगळ्या ओळी पुटपुटत असली की सुरुवातीला गोंधळ होतो. मग कधीतरी दोघेही एकदम थांबतो. त्या थांबण्याला मी आता मनन म्हणतो.