जोड कुठे दिसतो? ‘रीटेक ऑफ अमृता’ आणि घरचे फोटो

घरचे फोटो संगणकावर बदलून त्यांची कलाकृती होते, तेव्हा नेमकं काय होतं, हा आजचा विषय. उदाहरण एकच घेतो, म्हणजे विषय पसरणार नाही. विवान सुंदरम यांची २००१-०२ ची ‘रीटेक ऑफ अमृता’ ही मालिका.

आधी नाती सांगतो, कारण इथे सगळं नात्यांवरच उभं आहे. अमृता शेरगिल १९१३ साली बुडापेस्टला जन्मली आणि १९४१ च्या डिसेंबरात लाहोरला गेली. वय अवघं अठ्ठावीस. तिची धाकटी बहीण इंदिरा. विवान सुंदरम हे इंदिराचे चिरंजीव. म्हणजे अमृता त्यांची सख्खी मावशी. पण सुंदरम यांचा जन्म १९४३ चा, तेव्हा मावशीला त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना भेटले ते तिचे फोटो. आणि यातले बहुतेक फोटो काढले होते अमृताच्या वडिलांनी, म्हणजे सुंदरम यांच्या आजोबांनी, उमरावसिंह शेरगिल यांनी.

हे उमरावसिंह संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि हाडाचे फोटोग्राफर. अनेक दशकं ते स्वतःचे, बायकोचे आणि दोन्ही मुलींचे फोटो काढत राहिले. मुली कधी साडीत, कधी युरोपीय पोशाखात, पोझ घेऊन उभ्या आहेत. म्हणजे हे फोटोसुद्धा सहज टिपलेले नाहीत, मांडलेले आहेत. सुंदरम यांनी हेच जुने फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या गावांतले. पॅरिसची अमृता एका वयाची आणि शेजारी वडील भलत्याच वयाचे. सगळं कृष्णधवल.

आता पहिला आक्षेप येतो तो असा, की ही खोटी गोष्ट नाही का? मला हा आक्षेप फारसा महत्त्वाचा वाटत नाही. फोटोत कारागिरी करणं संगणकाने आणलेलं नाही. १८५८ साली हेन्री पीच रॉबिन्सन यांनी मरणाच्या दारातली एक मुलगी आणि भोवती तिचे घरचे, असा फोटो पाच निगेटिव्ह जोडून तयार केला होता. आपल्याकडचंच पाहा ना. वारलेल्या वडिलांचा एकही धड फोटो नसतो. मग लग्नाच्या ग्रुपफोटोतून त्यांचा चेहरा कापून घ्यायचा, खाली कोट चढवायचा, मागे निळा पडदा टाकायचा आणि हार घालून भिंतीवर लावायचा. स्टुडिओवाल्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं, आधी ब्रशने, नंतर फोटोशॉपवर. त्या घरात कुणी फसत नाही. वडिलांकडे कोट नव्हता, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत असूनही तो फोटो हवा असतो.

मग प्रश्न कोणता? माझ्या मते प्रश्न असा, की जोड कुठे दिसतो? आणि तो कोणाला दिसतो?

‘रीटेक’मध्ये कात्रीची कड दिसत नाही. उजेड जुळवलेला, कागदाचा पोत एकसारखा. जोड दिसतो तो काळात. वयं जुळत नाहीत, तिथे आपण अडखळतो. असं कधी घडलेलं नाही, हे कळतं, आणि त्याच क्षणी हे असं मांडणारा कुणीतरी आहे हेही कळतं. तो मांडणारा म्हणजे उशिरा जन्मलेला भाचा. ही चित्रं ‘असं होतं’ असा दावा करत नाहीत. ‘मला हे असं दिसतं’ एवढंच म्हणतात. मालिकेचं बळ इथे आहे.

पण दुबळी जागाही दाखवली पाहिजे. यातल्या एका चित्रात या दोन बहिणी आहेत आणि त्यांच्यासोबत अमृताचं १९३९ चं ‘टू गर्ल्स’ हे चित्र. मूळ चित्रात एक गोरी आणि एक सावळी मुलगी आहे. त्या कोण, हे अमृताने मोकळं ठेवलंय. एकाच चौकटीत सख्ख्या बहिणी आल्या की ते मोकळेपण संपतं. पाहणारा म्हणतो, अच्छा, या दोघी म्हणजे त्या दोघी. समीक्षकाने हेच लेखात लिहिलं असतं, तर आपण वाद घातला असता. चित्रातून सांगितलं की वाद घालायला जागा राहत नाही. ते डोळ्यांत जाऊन बसतं. शिवाय अमृता ‘असं करू नकोस’ म्हणायला हयात नाही. मृत माणसाच्या फोटोवर हात चालवणाऱ्याने हे ओझं बाळगलंच पाहिजे.

सुंदरम यांनी ते बाळगलं होतं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण चित्रांबाहेर आहे. २०१० साली त्यांनीच अमृताची पत्रं आणि लेखन दोन खंडांत संपादित केलं. म्हणजे एका हाताने कल्पना केली आणि दुसऱ्या हाताने कागदपत्रं जपली. दोन्हींची सरमिसळ केली नाही. आजोबांचे मूळ फोटोही स्वतंत्रपणे लोकांसमोर आले. त्यामुळे ‘रीटेक’ बघून कुणाला शंका आली, तर मुळाकडे जाता येतं.

आज आपल्या हातात काय आहे? २०२१ पासून जुन्या फोटोतल्या पणजीला डोळे मिचकवायला लावणारी सोय आली. नको असलेला माणूस बोटाने पुसायची सोय फोनमध्येच आली. मी याच्या विरुद्ध नाही. पण फरक ध्यानात घ्या. पणजी मान कशी वळवायची, हसायची की नाही, हे तिला ओळखणाऱ्या कुणीही ठरवलेलं नसतं. कुठल्या तरी अनोळखी चेहऱ्याची हालचाल तिच्यावर बसवलेली असते. तिथे मांडणारा दिसत नाही, जोड दिसत नाही, आणि मूळ फोटो बऱ्याचदा ‘आता कशाला’ म्हणून डिलीट होतो. ज्या सुनेला चौकटीतून काढलं, ती त्या दिवशी तिथे होती, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? कोट खोटा आहे हे मुलाला माहीत होतं. पणतूला तो खराच वाटणार आहे.

तेव्हा खुशाल बदला. आजी-आजोबांना एका झाडाखाली बसवा, जे कधी एकत्र बसले नाहीत त्यांना बसवा. फक्त मूळ फोटो वेगळा ठेवा, आणि बदललेल्या फोटोच्या मागे दोन ओळी लिहा : हे कुणी केलं, कधी केलं, कशातून केलं. चित्रकार आपल्या चित्रावर सही करतो, तेवढंच हे काम आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.