कलामंदिरांतील विद्यार्थी

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या आत्मवृत्तावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो असा कीं, हें पुस्तक म्हणजे पदकांची, मिळालेल्या कामांची आणि साहेबांच्या शाबासकीची रोजनिशी होय. कलावंताच्या अंतरंगाचा थांग त्यांत लागत नाहीं. आक्षेप अगदींच निराधार आहे असें नाहीं. परंतु धुरंधरांच्या आधीं मुंबईच्या कलाशाळेंत विद्यार्थ्याची स्थिति काय होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या पदकांचा अर्थ निराळा लागतो.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळें ही शाळा १८५७ सालीं सुरू झाली. चित्रकार निर्माण व्हावे यापेक्षां कुशल कारागीर तयार व्हावे, ही दृष्टि तींत आरंभापासून प्रबळ होती. शाळेपासून चार पावलांवर असलेलें बोरीबंदरचें स्थानक १८८८ मध्यें पुरें झालें. त्याच्या दगडांवरील पानें, फुलें, पशुपक्षी यांची नक्षी पुष्कळशी याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. रोज त्या दगडांखालून लक्षावधि माणसें जातात. पण वास्तुकार स्टीव्हन्स यांचें नांव सांगणारा कधींकाळीं भेटेल, छिन्नी धरणाऱ्या मुलांचीं नांवें सांगणारा भेटावयाचा नाहीं. अजिंठ्याची कथा तर याहून करुण आहे. १८७२ ते १८८५ या काळांत ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं विद्यार्थ्यांनीं लेण्यांच्या अंधारांत बसून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि त्यांपैकीं कितीतरी १८८५ मध्यें लंडनच्या आगींत नष्ट झाल्या. पुढें त्या कामाचा मोठा ग्रंथ निघाला, तो अर्थात् ग्रिफिथ्स यांच्या नांवावर. ग्रिफिथ्स यांनीं अन्याय केला असें आम्ही म्हणत नाहीं; विद्यार्थी म्हणजे गुरूचा हात, अशीच त्या काळची समजूत होती.

अशा शाळेंत १८९० च्या जानेवारींत कोल्हापूरचा एक तरुण दाखल होतो. प्रथम सपाट चित्राची नक्कल, मग ठोकळे, मग प्लॅस्टरचे हातपाय, मग पांढराफटक ग्रीक पुतळा, अशी एक एक पायरी चढत जावयाची. जिवंत माणसाच्या देहाकडे वळण्यापूर्वीं मेलेल्या संस्कृतीच्या देवतांशीं वर्षानुवर्षें सलगी करावयाची! शिकवणें कंटाळवाणें होतें, पण वायां गेलें असें म्हणवत नाहीं. धुरंधरांची रेषा कधीं अडखळत नाहीं, ती या कवाइतीमुळेंच. १८९५ मध्यें त्यांस बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें व १८९६ मध्यें ते तेथेंच शिक्षक झाले. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या शाळेच्या मुलांनीं अर्धें शहर नटविलें आणि नांव मात्र कोणाचें उरलें नाहीं, त्या शाळेंत पदक ही चैन नव्हती. पदक म्हणजे नांव. ‘चित्रें काढून पोट भरेल काय?’ असें विचारणाऱ्या मध्यम स्थितींतील घराला दाखवावयास दुसरें काय होतें? आमच्या घरांतून मुलाचें चित्रकलेचें वेड आजही एलिमेंटरी व इंटरमीजिएटच्या प्रमाणपत्रांनींच मोजलें जातें. तेव्हां धुरंधरांस हंसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाहीं.

मात्र या नांवाची किंमतही त्यांना द्यावी लागली, आणि आत्मवृत्ताचा खरा उणेपणा येथें आहे. जो पदक देतो तो विषयही देतो. त्यांचीं मोठीं ऐतिहासिक व पौराणिक तैलचित्रें पहा: रचना निर्दोष, वस्त्रें रेखीव, पण पात्रें रंगभूमीवर पडदा वर जाण्याची वाट पाहत उभीं आहेत असें वाटतें. उलट, एस्. एम्. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकासाठीं किंवा ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ साठीं त्यांनीं काढलेलीं चित्रें घ्या. त्यांचीं पोस्टकार्डें घ्या. तेथें कोळीण टोपली तोलते, गाडीवान वैतागतो, पारशी गृहस्थ छत्री सांवरतो. हीं माणसें कोणत्या वर्गांत शिकविलीं गेलीं? शाळेच्या फाटकाबाहेरच क्रॉफर्ड मार्केट आहे. त्याच्या दारांवरील शेतकऱ्यांचीं शिल्पें याच शाळेचे अध्यापक लॉकवुड किप्लिंग यांनीं कोरलीं. गुरूनें जें दारावर बसविलें तें शिष्यानें रस्त्यावरून उचललें. धुरंधरांच्या विद्यार्थिदशेचें खरें आत्मवृत्त आम्हांस या लहान चित्रांत सांपडतें. छापील पुस्तकांत तें मागें राहिलें आहे.

प्लॅस्टरचे पुतळे आणि घरची माणसें यांची गांठ एकाच कृतींत पडल्याचें उदाहरणही याच शाळेंत आहे. गणपतराव म्हात्रे यांनीं विद्यार्थी असतांनाच १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडविली. पूजेचें साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ही तरुणी. तिचा तोल ग्रीक, पण लुगडें आपलें. ग्रीक मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या गिरवून गिरवून ज्याची बोटें तयार झालीं, त्याला एक दिवस उमगलें कीं हीच अवघड गोष्ट आपल्या घरांतील बायका रोज सकाळीं निऱ्या घालतांना करतात. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं तिची स्तुति केली, रवींद्रनाथ ठाकुरांनीं बंगालींत तिच्यावर लिहिलें. या स्तुतीच्या भरांत ती एका विद्यार्थ्याची कृति आहे हें जवळजवळ विसरलें गेलें. आम्हांस तर तिच्यांतील किंचित् अवघडलेपण, पाऊल टाकूं कीं नको अशी तिची ती स्थिति, हीच तिची शोभा वाटते. पुढें म्हात्र्यांनीं राजेरजवाड्यांचे व अधिकाऱ्यांचे पुष्कळ पुतळे केले. हात सफाईदार झाला, पण तें अवघडलेपण पुन्हां आलें नाहीं.

१९१९ मध्यें ग्लॅडस्टन सॉलोमन आले, जिवंत नमुन्यावरून अभ्यासाचे वर्ग निघाले, भित्तिचित्रांचे वर्ग निघाले, आणि विद्यार्थी नवी दिल्लीच्या सरकारी इमारतींच्या भिंती रंगवूं लागले. हा बदल मोठा खरा. तरी भिंत सरकारची ती सरकारचीच.

‘मंदिर’ या शब्दाकडे शेवटीं वळलें पाहिजे. देवळांत कोणी वाद घालीत नाहीं. धुरंधर १८९० ते १९३१ अशीं एकेचाळीस वर्षें एका ओळींत मोजतात. त्यांपैकीं सुमारें सहा वर्षें विद्यार्थ्याचीं व उरलेलीं शिक्षकाचीं, ही वाटणी त्यांस शीर्षकांत करावीशी वाटली नाहीं. पुस्तक निघालें १९४० सालीं. त्याच वर्षीं गोव्याकडील एक मुलगा, फ्रान्सिस न्यूटन सूझा, या शाळेंत दाखल झाला. ‘छोडो भारत’ चळवळींतील सहभागाबद्दल १९४५ मध्यें त्याला काढून टाकण्यांत आलें, आणि १९४७ मध्यें त्यानें रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सूझाला नांव मिळविण्यासाठीं शाळेचें पदक लागलें नाहीं. पण चित्रकाराला स्वतःचें नांव असूं शकतें, ही गोष्ट तोंवर मुंबईंत कोणास सिद्ध करून दाखवावी लागत नव्हती. तें काम आधींच्या पिढीनें पदकें गोळा करून उरकलें होतें. सूझाच्या चाहत्यांनीं धुरंधरांचें पुस्तक एकदां या दृष्टीनें वाचावें, आणि वाचतांना त्यांचीं पोस्टकार्डें शेजारीं ठेवावीं.