ज्ञानकोशाचे दार आणि गुरुजींच्या वह्या

गेल्या पावसाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीसाठी केडगावला गेलो होतो. अहिल्यानगर शहराला लागून, पुणे रस्त्यावर वसलेले, रेणुकादेवीच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. बैठक संपल्यावर एका शिक्षिकाबाईंनी छापून आणलेली चार पाने माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींवरचा तो लेख होता. गुरुजींनी सत्तावीस वर्षे, सुटीच्या दिवशीही, रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत लिहून ठेवले होते. म्हणजे सुमारे दहा हजार नोंदी! बाईंनी हा लेख स्वयंसेवक संपादकांनी चालवलेल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशावर चढवला. दोन दिवसांत तो काढून टाकण्यात आला. कारण एका ओळीचे होते : 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.'

"सर, गुरुजींनी पाऊस मोजला हे काय खोटे आहे?" बाईंनी विचारले.

खोटे नाही. तरीही लेख काढणाऱ्याने नियमाला धरूनच काम केले होते. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, आणि त्या नियमात व तो लावण्याच्या पद्धतीत काय चुकते, हे तपासून पाहणे शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते.

सही गेली, संदर्भ आला

मराठीला ज्ञानकोशांची परंपरा नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केले. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. वाचक त्या नावावर आणि त्यामागे उभ्या असलेल्या संपादक मंडळावर विश्वास ठेवतो.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी. येथे कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे. लेखाखाली सही नाही. लिहिणारा प्राध्यापक आहे की आठवीचा विद्यार्थी, हे वाचकाला कळत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? सहीची जागा संदर्भाने घेतली. प्रत्येक विधानामागे दुसऱ्या कोणीतरी, दुसरीकडे छापलेला पुरावा हवा. स्वतंत्र लेख हवा असेल तर त्या विषयावर विश्वसनीय, स्वतंत्र आणि पुरेसे सविस्तर लेखन आधीच झालेले हवे. 'उल्लेखनीयता' या शब्दाचा तेथे एवढाच तांत्रिक अर्थ आहे. थोरवीशी त्याचा संबंध नाही. बाईंना दुखावले ते या शब्दाच्या रोजच्या अर्थाने.

हा नियम लहर म्हणून आलेला नाही. मे २००५ मध्ये जॉन सिगेनथॉलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकारावरच्या इंग्रजी लेखात कोणीतरी लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांत यांचा हात असल्याचा संशय होता. ही शुद्ध थाप चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. त्यानंतर, डिसेंबर २००५ पासून, नाव नोंदवल्याशिवाय तेथे नवा लेख सुरू करता येईनासा झाला. २०१८ पासून तर खाते किमान चार दिवसांचे आणि त्यावर दहा संपादने झालेली असावी लागतात. नवख्याने लिहिलेला मसुदा स्वयंसेवक परीक्षक वाचतो व मग तो स्वीकारतो किंवा परत करतो.

संशोधकाला यात अनोळखी असे काही नाही. आमचे शोधनिबंधही असेच परत येतात. मी स्वतः एकदा माझ्या मार्गदर्शकांवर असा लेख लिहिला आणि आधार म्हणून आम्हा दोघांचेच निबंध दिले. तो नाकारला गेला तेव्हा राग आला. नंतर विचार केला, की विद्यार्थ्याने गुरूविषयी दिलेली साक्ष मी तरी स्वतंत्र मानली असती का?

नियम कोठे तोकडा पडतो

आता दुसरी बाजू. लेसरच्या अतिलघू स्पंदाला आधी ताणायचे, मग वर्धित करायचे आणि शेवटी पुन्हा आकुंचित करायचे, या तंत्राने अतिशय तीव्र स्पंद मिळतात. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत अशा लघुस्पंद लेसरचा उपयोग होतो. या तंत्रावरचा मूळ निबंध १९८५ चा. लेखक दोन : डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू. २ ऑक्टोबर २०१८ रोजी दोघांना भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा जाहीर झाला. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गेपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर भौतिकीचे नोबेल मिळवणाऱ्या स्ट्रिकलंड या तिसऱ्या महिला. त्या दिवशी इंग्रजी विकिपीडियावर मुरू यांचा लेख होता, स्ट्रिकलंड यांचा नव्हता. त्यांच्यावरचा मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात परत करण्यात आला होता. दिलेल्या संदर्भांवरून विषयाची पात्रता दिसत नाही, असे कारण होते.

ज्ञानकोश हा जगाचा आरसा आहे, जगात पक्षपात असेल तर तो आरशात दिसणारच, असा खुलासा विकिमीडिया संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी केला. तो अर्धाच पटतो. शास्त्रज्ञांसाठी विकिपीडियाचे वेगळे निकष आहेत. मोठ्या वैज्ञानिक संस्थेचे सर्वोच्च निर्वाचित पद हा त्यांपैकी एक. स्ट्रिकलंड २०१३ मध्ये अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे नियमात जागा होती. मसुद्याच्या तळटिपा तपासल्या गेल्या, विषय तपासला गेला नाही. शिवाय ज्या आरशात पाहून पुढचा पत्रकार कोणावर लिहायचे ते ठरवतो, तो नुसता आरसा राहत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल अशा पिकांचे गावरान वाण कित्येक वर्षे जपले. २०१८ मध्ये बीबीसीने जगातील शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज त्यांच्यावर लेख लिहिणाऱ्याला संदर्भांची वाण नाही. पण बियाणे त्यांच्या घरात होते ते यादीच्या कितीतरी आधीपासून. हा नियम कामाचे मोल मोजत नाही, कामाविषयी छापून आलेल्या मजकुराचे वजन करतो. इंग्रजीत हा मजकूर मुबलक असल्याने चूक क्वचित उघडी पडते. मराठीत, त्यातही खेड्यात, छापलेलेच थोडे. त्यामुळे तोच नियम येथे अधिक कठोर होतो.

आणखी एक तक्रार नोंदवली पाहिजे. मराठी विकिपीडिया उघडा. एका गावाचे नाव, तालुका आणि जिल्हा यांपलीकडे फारसे काही न सांगणारी कितीतरी पाने तेथे सुखाने नांदताना दिसतील. दाराशी कडक तपासणी आणि आत अशी मोकळीक, हे विसंगत आहे. आणि नकार द्यायचा तर तो एका ओळीत देऊ नये. आपण विद्यार्थ्याच्या वहीवर नुसती फुली मारतो का? कोणता पुरावा कमी पडला हे दोन वाक्यांत लिहिले असते, तर बाई पुन्हा प्रयत्न करत्या. तसे झाले नाही, आणि एक होतकरू लेखिका दारातूनच परतली.

बाईंचा लेख

हे सारे मान्य करूनही ती चार पाने मी परीक्षकाच्या नजरेने वाचली, तेव्हा मलाही तो लेख स्वीकारता आला नसता.

पहिली अडचण अशी, की गावाच्या माहितीत पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती मिशन' येथे असल्याचे लिहिले होते. ते केडगाव वेगळे, पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील. रमाबाईंचे निधनही तेथेच १९२२ मध्ये झाले. बाईंनी ही माहिती एका संकेतस्थळावरून उतरवली होती. लेख टिकला असता तर कोणीतरी तो वाचून पुस्तकात लिहिले असते, आणि उद्या तेच पुस्तक या लेखाचा 'संदर्भ' बनले असते. चूक अशी गोल फिरून पुरावा होते.

दुसरी अडचण म्हणजे 'ऋषितुल्य', 'निष्काम कर्मयोगी' अशी विशेषणे. ती सत्काराच्या भाषणात शोभतात.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. वह्यांच्या आधारे बाईंनी निष्कर्ष काढला होता की केडगावचा जूनमधील पाऊस घटत चालला आहे. कदाचित ते खरे असेल. पण हे मूळ संशोधन झाले, आणि ते प्रथम ज्ञानकोशात मांडायचे नसते. पर्जन्यमापक कोणत्या प्रकारचा, तो मधल्या काळात हलवला का, जवळ झाड वाढले का, किती दिवस नोंद चुकली, महसूल मंडळाच्या नोंदींशी हे आकडे जुळतात का, हे कोणीतरी आधी तपासायला हवे.

मग करायचे काय?

बोलता बोलता बाई म्हणाल्या, की वह्या गुरुजींच्या माळ्यावर आहेत आणि दोन वह्यांना वाळवी लागली आहे. काढलेला लेख पुन्हा लिहिता येतो. वाळवीने खाल्लेली नोंद पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून पहिले काम वह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेणे. दुसरे, वर्गाने मिळून आकडे तक्त्यात भरणे. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने पडताळावे. तिसरे, मोजण्याच्या पद्धतीसह आणि त्रुटींसह हा तक्ता संपादक असलेल्या एखाद्या नियतकालिकात छापून आणणे. नगर जिल्हा बराचसा पर्जन्यछायेतला, पण पश्चिमेला घाटघरकडे धो धो पाऊस. अशा जिल्ह्याच्या सरासरीवरून केडगावचा पाऊस कळत नाही, म्हणूनच या वह्यांचे मोल आहे.

ज्ञानकोशाची पाळी त्यानंतर. तीही गुरुजींवरील स्वतंत्र लेखापासून सुरू न करता गावाच्या किंवा तालुक्याच्या पानावर हवामानाविषयी दोन ससंदर्भ वाक्ये घालण्यापासून करावी. मराठी विकिपीडियावर सरावासाठी 'धूळपाटी' आहे, शंका विचारण्यासाठी 'चावडी' आहे. त्यांचा उपयोग करावा, आणि विषयाशी आपले नाते असेल तर ते चर्चा पानावर उघड सांगावे.

वर्गात करून पाहण्यासारखे : मुलांना आपल्या गावाविषयी दहा वाक्ये लिहू द्या. प्रत्येक वाक्यापुढे 'हे कोठे छापले आहे?' हा रकाना ठेवा. २०११ ची जनगणना, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ मधील अहमदनगर खंड, विश्वकोश, वर्तमानपत्रे धुंडाळू द्या. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले असल्याने शोध जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी घ्यावा लागेल. त्याच नावाचे दुसरे गाव आहे का तेही पाहू द्या. ज्या वाक्यांपुढचा रकाना रिकामा राहील ती खोडू नका. तेवढ्या गोष्टी अजून कोणी छापलेल्या नाहीत, आणि त्या लिहिण्याचे काम आपल्याकडे आहे.