"सपोर्टेड" या एका शब्दाआड काय काय राहतं: पॉवर प्रोसेसरवरचं केसॅन वाचताना

मागच्या सहामाहीच्या प्रगती अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं: "केव्हीएमच्या चाचण्यांत मेमरीची एकही चूक आढळली नाही." गाइडनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहून अहवाल परत दिला: "कुठे शोधली?" मला आधी प्रश्नच कळला नाही. आयबीएमचं पॉवर मशीन होतं, कर्नलमध्ये केसॅन चालू होतं, दोन दिवस चाचण्या चालल्या होत्या. आणखी कुठे शोधायचं?

उत्तर एका मेकफाइलमधल्या एका ओळीत होतं. ती ओळ तिथे का आहे आणि तिच्यावर माझा आक्षेप काय आहे, हे आज सांगतो. संशोधनात उतरायची तयारी करत असाल तर ही चूक तुमच्याही हातून होणार. लवकर झालेली बरी.

आधी केसॅन म्हणजे काय ते बघू. सी भाषेत लिहिलेल्या कर्नलमध्ये दोन चुका फार होतात: घेतलेल्या मेमरीच्या बाहेर हात घालणं, आणि परत केलेली मेमरी पुन्हा वापरणं. त्या पकडायची आजची रूढ पद्धत २०१२ च्या युझनिक्स परिषदेतल्या अ‍ॅड्रेससॅनिटायझरच्या पेपरमधून आली. लेखक सेरेब्रियानी, ब्रुएनिंग, पोटापेंको आणि व्ह्युकोव्ह. कल्पना सुंदर आहे. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट वेगळा ठेवायचा, त्याला म्हणायचं शॅडो. शॅडोत शून्य असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे. एक ते सात यांपैकी आकडा असेल तर पहिले तेवढेच मोकळे. ऋण आकडा असेल तर सगळेच बंद. समजा तुम्ही १३ बाइट मागितले. पहिल्या आठांच्या शॅडोत ०, पुढच्या आठांच्या शॅडोत ५. चौदाव्या बाइटला हात लावलात की पकडले गेलात.

शॅडोचा पत्ता काढायचा कसा? मूळ पत्त्याला आठाने भागायचं आणि त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. एवढंच. कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी ही तपासणी घुसवतो. पेपरमधली सरासरी गती-घट ७३ टक्के आहे आणि क्रोमियममध्ये ३०० हून अधिक नव्या चुका सापडल्याची नोंद आहे. अशा साधनासाठी हे आकडे खरोखर मोठे. पुढे हीच पद्धत केसॅन या नावाने लिनक्स कर्नलमध्ये आली, २०१५ मध्ये, सुरुवातीला फक्त एक्स८६-६४ साठी.

आता टीका. पेपरचा दावा असा, की व्याप्तीशी तडजोड न करता वेग मिळवला. साधन काय सोडतं याची यादीही लेखकांनी प्रामाणिकपणे दिली आहे: सरळ रेषेत न बसणारं, अर्धं आत अर्धं बाहेर असलेलं वाचन, फार दूर उडी मारलेला पॉइंटर, परत केलेली मेमरी खूप उशिरा वापरणं. पण एक गृहीतक त्या यादीत नाही, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती: एका पत्त्याचा अर्थ कायम एकच असतो. साध्या प्रोग्रॅमसाठी ते खरंच आहे, कारण खाली ऑपरेटिंग सिस्टिम ते सांभाळत असते. कर्नलमध्ये मात्र ते सांभाळणारे आपणच असतो.

पॉवर प्रोसेसरवर हे गृहीतक मोडतं. तिथे कर्नलचा काही कोड पत्त्यांचं भाषांतर बंद ठेवून चालतो. याला रिअल मोड म्हणतात. बूट होतानाचा बराच कोड, त्यात डिव्हाइस-ट्री वाचणारा सामायिक कोडही, असा चालतो. मशीन चेकची हाताळणी अशी चालू शकते. आणि केव्हीएमचा, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा असाच चालतो. गंमत अशी की कर्नलच्या नेहमीच्या पॉइंटरना याचा त्रास होत नाही. रिअल मोडमध्ये प्रोसेसर पत्त्याचे सर्वांत वरचे बिट बघतच नाही, त्यामुळे कर्नलचा नेहमीचा पत्ता दोन्ही अवस्थांत त्याच भौतिक मेमरीकडे नेतो. शॅडोचं तसं नाही. तिची जागा पेज टेबलवर अवलंबून आहे. भाषांतर बंद केलंत की तोच पत्ता जिथे मेमरीच नाही अशा ठिकाणी नेतो, आणि तपासणी करायला गेलेला कर्नल स्वतःच कोसळतो.

मग उपाय काय? एक प्रस्ताव असा होता की शॅडो भौतिक मेमरीच्या शेवटच्या भागात ठेवायची, म्हणजे ती दोन्ही अवस्थांत सापडेल. पण त्यासाठी मशीनमध्ये सलग मेमरी किती आहे हे कंपाइल करतानाच माहीत हवं. सांगितल्यापेक्षा कमी मेमरी असेल तर मशीन बूटच होणार नाही. जास्त असेल तर वरची वाया. मधे खंड असेल तर चालणारच नाही. हा मार्ग नाकारला गेला, आणि माझ्या मते योग्यच नाकारला गेला. जे साधन एका ठरावीक मशीनपुरतंच बूट होतं, ते कुणी रोज वापरत नाही.

२०२२ मध्ये जे स्वीकारलं गेलं ते असं: तपासणी कोडमध्ये थेट घुसवायची नाही, वेगळ्या फंक्शनला बोलवायचं. म्हणजे शॅडो तयार होईपर्यंत त्या फंक्शनला गप्प राहता येतं. आणि बूटनंतर जो कोड भाषांतर बंद ठेवून चालतो, त्यात तपासणी घालायचीच नाही. शिवाय हे फक्त रॅडिक्स पद्धतीच्या पेज टेबलवर. ती पॉवर९ पासून आली, म्हणजे पॉवर८ मशीन बाहेर. थेट घुसवणं सोडल्यामुळे स्टॅकवरच्या स्थानिक अ‍ॅरेची तपासणीही गेली.

माझी ओळ ती हीच. पॉवरच्या केव्हीएम फोल्डरच्या मेकफाइलमध्ये, ६४-बिट सर्व्हर प्रोसेसर असेल तर केसॅन बंद, असं लिहिलेलं आहे. अख्ख्या फोल्डरसाठी. तिथून कुणी मेमरी दोनदा परत केली तर ती चूक अजूनही पकडली जाईल, कारण ती तपासणी मेमरी वाटणाऱ्या कोडमध्ये आहे. पण त्या फोल्डरमधल्या कोडने स्वतः केलेलं चुकीचं वाचन किंवा लेखन कुणी बघत नाही. मी दोन दिवस नेमका तोच कोड चालवत होतो.

माझे आक्षेप दोन. पहिला तांत्रिक. त्या फोल्डरमधला सगळा कोड काही रिअल मोडमध्ये चालत नाही. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून येणाऱ्या मागण्या हाताळणारा भाग भाषांतर चालू असतानाच चालतो. फायली एकेक तपासून वगळणं कष्टाचं आहे, उद्या एखादं फंक्शन इकडचं तिकडे गेलं तर मशीन कोसळेल, हे मान्य. पण केव्हीएम ही एका पाहुण्या यंत्रापासून बाकीच्यांना वाचवणारी भिंत आहे. नेमक्या भिंतीवरची बॅटरी विझवायची, तर निदान किती भाग विनाकारण अंधारात गेला याचा हिशेब हवा.

दुसरा आक्षेप शब्दाचा. केसॅनच्या मुख्य दस्तऐवजात ते कुठे चालतं त्याची यादी आहे, आणि एक्स८६-६४ च्या रांगेतच पॉवरपीसी हा एक शब्द आहे. वर सांगितलेल्या मर्यादा पॉवरच्या वेगळ्या फाइलमध्ये आहेत. ती फाइल सुरेख आहे. काय जमलं नाही आणि का, हे इतक्या मोकळेपणाने फार कमी पेपरांत वाचायला मिळतं. पण जो यादी वाचून थांबतो, तो तिथवर जातच नाही. मी थांबलो होतो.

यावर कुणी म्हणेल, अरे, काहीच नसण्यापेक्षा हे बरं ना? नक्कीच. फाइलसिस्टिम, नेटवर्क, ड्रायव्हर हे सगळं भाषांतर चालू असताना चालतं आणि तिथे केसॅन पॉवरवरही नीट काम करतं. काम वाईट आहे असं मी म्हणत नाहीच. "चूक सापडली नाही" आणि "चूक शोधलीच नाही" या दोन गोष्टी या साधनाच्या लॉगमध्ये हुबेहूब सारख्या दिसतात, एवढंच म्हणतोय. दोन्हींत लॉग कोराच असतो.

तेव्हा कुठल्याही शोधक साधनावरचा पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. साधन हार्डवेअरबद्दल काय गृहीत धरतं, आणि मोजमाप ज्या मशीनवर झालं तिथे ते गृहीतक आपोआप खरं होतं का? दुसऱ्या हार्डवेअरवर नेताना कोणता भाग वगळला? आणि वगळलेल्या भागात चुका होण्याची शक्यता जास्त की कमी? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "जास्त" येतं, कारण जो कोड साधनाला अवघड जातो तो माणसालाही अवघड जातो.

स्वतःचं साधन वापरताना आणखी एक करा. ज्या भागाबद्दल दावा करणार आहात, त्या भागात मुद्दाम एक चूक पेरा आणि साधन ओरडतं का ते बघा. मी नंतर पेरली. केव्हीएममध्ये, ठरवून एक बाइट बाहेर. लॉग कोराच राहिला.

अहवालातलं वाक्य आता असं आहे: "पॉवर९ वर, रॅडिक्स पद्धतीत, केसॅनने तपासलेल्या कोडमध्ये चूक आढळली नाही, केव्हीएमचा पॉवरसाठीचा कोड आणि स्टॅकवरचे अ‍ॅरे तपासले गेलेले नाहीत." आधीच्यापेक्षा लांब आहे आणि ऐकायला फिकं वाटतं. गाइडनी या वेळी समासात काही लिहिलं नाही.