वेढ्यातली न्याहारी

अलेक्झांडर ड्यूमा यांच्या 'थ्री मस्केटिअर्स' या कादंबरीत एक न्याहारी आहे. फ्रान्सच्या राजाने ला रोशेल या शहराला वेढा घातला आहे. आथोस, पोर्थोस, आरामिस आणि दार्तान्याँ हे चौघे मित्र छावणीजवळच्या खानावळीत पैज लावतात, की शत्रूच्या माऱ्याखालच्या सेंट जर्व्हे बुरुजावर जाऊन आपण न्याहारी करू आणि तासभर तिथे टिकून दाखवू. खरा हेतू निराळा. कार्डिनल रिशेल्यूचे हेर जिथे पोहोचणार नाहीत अशा जागी चौघांना खलबत करायचे आहे. नोकराच्या हाती टोपली देऊन ते निघतात. बुरुजावर आदल्या रात्रीच्या चकमकीतली प्रेते पडलेली आहेत. हे खातात, पितात, बोलतात, मधून मधून उठून गोळ्या झाडतात. चालून आलेली माणसे खंदकात शिरली की त्यांच्यावर पडकी भिंत लोटून देतात. मग त्या प्रेतांच्या हाती बंदुका देऊन त्यांना पहारेकऱ्यांसारखे उभे करतात आणि नॅपकिनचा झेंडा मिरवीत छावणीत परततात.

जगभरच्या वाचकांनी हे प्रकरण हसत हसत वाचले आहे. आम्हीही हसलो. ड्यूमाची लेखणीच तशी आहे, वाचकाला विचार करायला सवड देत नाही. प्रश्न पुस्तक मिटल्यावर पडतो. त्या भिंतीखाली गाडली गेलेली माणसे कोण होती?

ती परक्या देशाची नव्हती, त्याच राजाची रयत होती. फ्रान्समधले प्रॉटेस्टंट, ज्यांना ह्युगेनॉ म्हणत, ते कॅथलिक बहुसंख्येच्या देशात अल्पसंख्याक होते आणि ला रोशेल हे त्यांचे मोठे बंदर होते. १५९८ साली चौथ्या हेन्रीने नांतचा फर्मान काढून त्यांना उपासनेची मोकळीक आणि काही तटबंदीची गावे दिली. त्याच हेन्रीचा मुलगा तेरावा लुई. त्याच्या आणि रिशेल्यूच्या फौजेने सप्टेंबर १६२७ ते ऑक्टोबर १६२८ असा वर्षाहून अधिक काळ हा वेढा चालवला. समुद्राकडून इंग्रजांची रसद येऊ नये म्हणून रिशेल्यूने बंदराच्या तोंडाशी सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध घातला. शहर तलवारीने पडले नाही, उपासमारीने पडले. सुमारे २७,००० वस्तीपैकी शरण येताना ५,००० च्या आसपास माणसे जिवंत होती. या शहराचा दोष काहीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. त्याने इंग्लंडच्या राजाशी संधान बांधले होते, आणि कोणतेही राज्य हे सहन करीत नाही. पण अल्पसंख्याकांवर परक्याशी हातमिळवणीचा आरोप ठेवला, की त्यांच्या पोराबाळांची उपासमार कुणाच्या डोळ्यांत येत नाही. हे समजायला आमच्या वाचकांना फ्रान्सचा इतिहास लागत नाही.

ड्यूमाला हे ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. १८४४ साली 'ल सिएक्ल' या वृत्तपत्रातून ही कादंबरी क्रमशः आली. सहकारी ओग्यूस्त माके इतिहासाची साधने जमवून देत असे. राजाच्या फौजेतल्या बासाँपिएरसारख्या सरदाराला हा वेढा मनातून नको होता, हे ड्यूमाने नोंदवले आहे. शहरातल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे अन्नावाचून मरत होती हेही त्याने पुढे थोडक्यात सांगितले आहे. चौघांनी जिथे पैज लावली त्या खानावळीचे नाव त्याने 'पार्पायो' ठेवले. कॅथलिक लोक प्रॉटेस्टंटांना हिणवायला हाच शब्द वापरीत.

आणि धर्मयुद्धांवरचे सगळ्यांत बोचरे भाष्य त्याने पोर्थोसच्या नोकराच्या तोंडी घातले आहे. या नोकराच्या बापाने सोयीचा धर्म स्वीकारला होता. कॅथलिक वाटसरू दिसला की तो प्रॉटेस्टंट होई आणि त्याला लुटी. प्रॉटेस्टंट दिसला की कॅथलिक होऊन त्याला लुटी. एक मुलगा त्याने कॅथलिक वाढवला, दुसरा प्रॉटेस्टंट. अखेर एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट असे दोघे एकाच वेळी त्याला भेटले, दोघांनीही त्याला ओळखले आणि दोघांनी मिळून त्याला झाडाला लटकावले. दीड-दोन पानांचा हा मजकूर आहे. आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रपटात तो नाही.

आता चित्रपटांकडे वळू. कादंबरीचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्यात राणीचे हिरे इंग्लंडहून परत आणण्याची दौड आहे. दुसऱ्यात वेढा, मिलेडीचे सूड, खून आणि अखेर रात्री नदीकाठी मिलेडीचा शिरच्छेद. १९२१ साली डग्लस फेअरबँक्सने जो मूकपट केला तो हिऱ्यांपाशीच संपतो. उड्या, गिरक्या, तलवारी आणि मोकळे हसू. पुढे तलवारबाजीच्या चित्रपटांनी हाच साचा उचलला. फेअरबँक्सचे शरीर पडद्यावर जे करते ते पाहून आजही तोंडात बोट जाते. पण त्या आनंदात वेढ्याला जागा नव्हती.

१९४८ सालचा हॉलिवूडचा रंगीत चित्रपट आम्हाला अधिक बोलका वाटतो. त्यात जीन केली नाचता नाचता लढतो आणि लाना टर्नर मिलेडी होते. रिशेल्यूची भूमिका व्हिन्सेंट प्राइसची. पण त्याच्या अंगावर कार्डिनलचा झगा नाही. कॅथलिक प्रेक्षक दुखावले जाऊ नयेत म्हणून रिशेल्यूला निव्वळ पंतप्रधान करून टाकले. आता पहा, कार्डिनलचा धर्म काढला की शहराचाही धर्म जातो. धर्म गेला की वेढा कशासाठी हेच उरत नाही. एका समाजाच्या भावनेची कदर करताना दुसऱ्या समाजाचा इतिहासच पुसला जातो, आणि पुसणाऱ्याला त्याची खबरही नसते.

रिचर्ड लेस्टरचे दोन चित्रपट (१९७३ आणि १९७४) आम्ही सर्वांत वरचे मानतो. पटकथा जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझरची. तलवारी इथे जड आहेत, लढणारे दमतात, चिखलात घसरतात, नोकर धन्यावर कुरकुरतात. दार्तान्याँच्या नोकराच्या भूमिकेत रॉय किनियर पाहावा. खालच्या माणसाच्या डोळ्यांनी वरच्यांची शूरगिरी कशी दिसते, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटते. निर्मात्यांनी एक चित्रपट म्हणून चित्रण करून त्याचे दोन केले, म्हणून नटमंडळींशी तंटा झाला. ते असो. या विभागणीमुळे हसरा भाग पहिल्यात आणि काळा भाग दुसऱ्यात गेला. लोकांच्या ध्यानात पहिला राहिला. वेढा, बुरुजावरची न्याहारी, मिलेडीचा अंत हे सगळे दुसऱ्यात आहे, आणि लेस्टरने शेवटाला हसू येऊ दिलेले नाही. ऑलिव्हर रीडचा आथोस पाहताना कळते, की हा माणूस न्याय करीत नसून आपल्या जुन्या जखमेचा हिशेब चुकता करतो आहे. तरीही ला रोशेलच्या तटाआत कॅमेरा राहत नाही. शहर म्हणजे पलीकडून गोळ्या येतात ती जागा.

त्याच चित्रपटात फेल्टन आहे, आणि या पात्रावर थोडे थांबणे भाग आहे. कादंबरीत मिलेडी इंग्लंडमध्ये कैदेत पडते. फेल्टन तिचा पहारेकरी, कडवा प्युरिटन. मिलेडी त्याच्याच पंथाची असल्याचे सोंग आणते, प्रार्थना म्हणते, अश्रू ढाळते. आणि तो भोळा धर्मवेडा तिला सोडवून बकिंगहॅमच्या ड्यूकचा खून करतो. नाट्य म्हणून ही प्रकरणे अव्वल आहेत. पण खरा जॉन फेल्टन कोण होता? इंग्रज फौजेतला जखमी अधिकारी. त्याचा पगार थकला होता, बढती नाकारली गेली होती, आणि देशाच्या दुर्दशेला बकिंगहॅम जबाबदार आहे असे पार्लमेंटचे निवेदन त्याच्या वाचनात आले होते. २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्समथला त्याने सुरा चालवला. थकलेला पगार आणि राजकीय संताप यांच्या जागी कादंबरीने धर्माचे वेड बसवले. धार्मिक माणसाने केलेल्या हिंसेला धर्माखेरीज कारणच नसते, ही समजूत किती जुनी आहे पहा. १९४८ च्या चित्रपटाने फेल्टनला वगळून मिलेडीच्या पहाऱ्यावर चक्क कॉन्स्टन्सला बसवले. लेस्टरने त्याला ठेवले, पण ड्यूमाच्याच साच्यातला.

ड्यूमाच्या पानांतून वेगळे काही काढता येते हे पात्रिस शेरो याने १९९४ साली 'ला रेन मार्गो' करून दाखवले. ही कादंबरी १८४५ ची. विषय १५७२ सालचा, पॅरिसमधली सेंट बार्थोलोम्यूच्या रात्रीची ह्युगेनॉंची कत्तल. राजकन्येच्या लग्नाला आलेले पाहुणे त्याच शहरात कापले जातात. शेरोने तलवारबाजीची ऐट काढून टाकली. गल्लीबोळ, धावणारी उघडी माणसे, दारे ठोठावणारे हात आणि मग पहाटे प्रेतांचे ढीग. वेषभूषा सोळाव्या शतकातली, पण पाहणाऱ्याला त्याच वर्षांतले बोस्निया आठवल्याशिवाय राहत नाही. संगीत साराएव्होच्या गोरान ब्रेगोविचचे आहे. मार्गो झालेल्या इझाबेल अजानीचे वडील अल्जीरियाचे. नवरदेव हेन्री जीव वाचवण्यासाठी धर्म बदलतो, आणि दानिएल ओतोय तो प्रसंग कसलाही आव न आणता करतो. त्या चेहऱ्यावर ना वीरता ना शरम, फक्त उद्याचा दिवस पाहायचा आहे एवढेच. हाच हेन्री पुढे नांतचा फर्मान काढतो. म्हणून आम्ही म्हणतो, 'थ्री मस्केटिअर्स' पाहण्याआधी हा चित्रपट पाहावा. ला रोशेलचे लोक तटाचा हट्ट का धरून बसले होते ते कळेल.

इथे कुणी म्हणेल, मग आपल्या बाजूच्या कादंबऱ्या लिहाव्यात. उर्दूत ते झाले आहे. स्कॉटच्या 'टॅलिस्मन'मधील मुसलमानांचे चित्रण पाहून लखनौच्या अब्दुल हलीम शरर यांनी १८८८ साली 'मलिकुल अझीझ वर्जिना' लिहिली आणि क्रुसेडची कथा उलट्या बाजूने सांगितली. ती लोकांनी डोक्यावर घेतली. पण झेंडे बदलले तरी साचा तोच राहिला. भिंतीखाली गाडला जाणारा पुन्हा बिननावाचाच.

अलीकडचा मोठा प्रयत्न मार्टिन बुर्बुलाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा. (मध्ये २०११ साली हवेत उडणारी जहाजे दाखवणारे एक रूपांतर येऊन गेले, त्याविषयी न बोललेले बरे.) २०२३ मध्ये त्याचे 'दार्तान्याँ' आणि 'मिलेडी' असे दोन भाग आले. ह्युगेनॉंचा प्रश्न इथे पहिल्यापासून कथेत आहे. आथोसचा भाऊच बंडखोर प्रॉटेस्टंटांना मिळालेला आहे, म्हणजे वेढ्याची रेषा एका घरातून जाते. ड्यूमात हे नाही, आणि ही भर आम्हाला मोलाची वाटली. मिलेडी झालेल्या इवा ग्रीनला मरणाच्या हवाली न करता जिवंत ठेवले, हेही धाडसाचे. पण राजाच्या भावाच्या लग्नात राजावर हल्ला, गुप्त कट, बुरखे, अशा वाटेने ह्युगेनॉ पुन्हा कटवाले म्हणूनच समोर येतात. दुसऱ्या भागात ला रोशेलची लढाई आहे, अंधारी आणि धुरकट. उपाशी शहर मात्र कथेच्या केंद्रात येत नाही.

त्याच दुसऱ्या भागात हॅनिबल नावाचा एक काळा मस्केटिअर आहे. यावर कुणी नाके मुरडली तर त्यांना ड्यूमाची वंशावळ दाखवावी. त्याची आजी मारी सेसेत ही सेंट दोमिंगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, मळ्यावरची गुलाम. वडील तोमा अलेक्झांडर फ्रेंच फौजेत जनरल झाले. फ्रान्सने २०१० साली या लेखकावर चित्रपट काढला तेव्हा ड्यूमाच्या भूमिकेत गोरा जेरार दपार्दियू होता, आणि त्यावर निषेधही झाला. गोष्ट इतकी सरळही नाही. हे जनरल ड्यूमा १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले आणि कैरोचा उठाव मोडण्यात त्यांचा हात होता. फ्रेंच घोडेस्वार अल अझहर मशिदीत घुसले त्याचे वर्णन जबर्तीने लिहून ठेवले आहे. गुलाम स्त्रीचा मुलगा दुसऱ्यांच्या शहरावर चालून गेला. मुलाने मोठेपणी वेढ्याची गोष्ट छावणीच्या बाजूने सांगितली.

ला रोशेलच्या तटाआतही एक नायक होता. जाँ गितों, दर्यावर्दी, १६२८ मध्ये नगरप्रमुख झाला. शरणागतीचे नाव काढील त्याच्यासाठी म्हणून त्याने टेबलावर खंजीर रोवला, अशी आख्यायिका आहे. फेअरबँक्सला शोभावा असा प्रसंग. पण त्याच्याच कारकिर्दीत म्हातारे, बायका, मुले यांना खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून वेशीबाहेर काढण्यात आले. राजाच्या फौजेने त्यांना पलीकडे जाऊ दिले नाही. दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती मेली. हे दाखवायचे तर गितोंचाही मुलाहिजा ठेवता येणार नाही, रिशेल्यूचाही नाही. शहर पडल्यावर गितोंला काही काळ हद्दपार केले. ज्याच्यावर परक्याशी संधान बांधल्याचा ठपका होता तोच माणूस पुढे राजाच्या आरमारात दाखल झाला आणि स्पेनविरुद्ध फ्रान्ससाठी लढला. ला रोशेलच्या नगरभवनासमोर १९११ पासून त्याचा पुतळा उभा आहे.